नग क्रमांक एकशे चौदा

सिव्हिल लाइन्सच्या गोदामात मे महिन्याची मोजदाद.
कूलर कोरडाच घरघरतोय.
जप्तीच्या शिंगांना चिठ्ठ्या बांधता बांधता
मी सहज दोन चितळशिंगं एकमेकांवर आपटली.

दारातले मरसकोल्हे वळले.
"असं नाई ठोकाचं, बाबू. हे तं लाकूडतोड झाली."
शिंगं घेऊन उकिडवे बसले.
आधी नुसतं घासलं, टोकाला टोक, जरासं.
मग अडकवून पिळलेला एक खडखडाट,
टाचेनं फरशी खरवडत.
मग काहीच नाही.

"आता?"
"आता चूप. थो आवाजानं येत नाई,
आवाज थांबल्यावर येते.
त्याले वाटते, कोनीतरी जिंकलं."

बापानं शिकवलेलं, उमरेडकडच्या रानात,
शिकार बंद व्हायच्या आधी.
"बंदूक सायबाची. आमचं फक्त भांडन.
दोनी बाजूनं आमीच."

बापाला कधी नराची दया आली का,
हे विचारायचं राहून गेलं.
मी उठून कूलर बंद केला
आणि दोघंही दाराकडे बघत राहिलो.
बाहेर पांढरं ऊन. एक स्कूटर.

बऱ्याच वेळानं मी रजिस्टरात लिहिलं:
जोडी एक. वजन दोन किलो.
डावं टोक नुकतंच तुटलेलं.