आवक क्रमांक ३१७

पत्र मराठीत होतं, एवढं बरं.
'सदर शस्त्रक्रिया जीवनावश्यक नसल्याने
आपला दावा मंजूर करता येत नाही.'
खाली चष्मा, कवळी, टकलावर केस लावणे
आणि त्यांच्याच रांगेत मी.

एकवीस वर्षं हप्ता भरला.
चटईच्या कारखान्यात, भट्टीजवळच्या पाळीत,
पगारातून परस्पर जायचा, दिसायचाही नाही.
चाळिशीत साखर आली. पाय वाचले, डोळे वाचले.
डॉक्टर सरोदे म्हणाले, गोळ्यांचं काम संपलं आता,
आत नळ्या बसवता येतात, छोटा पंप असतो.
खर्चाचा आकडा ते बोलले नाहीत,
पॅडवर लिहून माझ्याकडे फिरवला.
जन्म प्लास्टिक ओढण्यात गेला माझा,
आणि आता हे.

मेव्हण्याची यावलची केळी
मे महिन्याच्या वादळात आडवी झाली.
साहेब आले, खोड न् खोड मोजलं, फोटो काढले.
होळीआधी पैसे खात्यात.
तो पेढे घेऊन आला तेव्हा
हेमलता चहा गाळता गाळता माझ्याकडे बघून
अशी हसली, की गाळणी पडली हातातून.
मीही हसलो. मेव्हण्याला काही कळेना.
त्या रात्री दिवा घालवल्यावर
तीन वर्षांत पहिल्यांदा आम्ही त्याबद्दल बोललो.

अपील तिनंच लिहिलं.
मी सांगत होतो: व्याधी, वैवाहिक, मानसिक क्लेश.
ती म्हणाली, थांबा हो, मले लिहू द्या.
'माझे पती भिंतीकडे तोंड करून झोपतात.
पूर्वी झोपत नसत.
साखरेनं बिघडलेली किडनी तुम्ही धरता,
साखरेनं बिघडलेला डोळा धरता.
साखर तीच आहे.'
खाली सही. हेमलता प्रल्हाद बऱ्हाटे.

जळगावच्या ऑफिसात
खिडकीतली पोरगी आमच्या मोनालीच्या वयाची.
'कशाचं ऑपरेशन, काका?'
मागे आठ माणसं. मी खोकलो.
हेमलता पुढं झाली आणि सांगितलं,
वांग्यांचा भाव विचारावा अशा आवाजात.
पोरीनं मान खाली ठेवून शिक्का मारला.
पोच देताना हळूच म्हणाली,
'डॉक्टरांच्या पत्रात "मधुमेहामुळे" असं आणा लिहून.
मागे एकांचं झालं होतं.'

उत्तर अजून नाही. साठ दिवस म्हणालेत.
बाहेर एप्रिलचं ऊन, गाडीची सीट तव्यासारखी.
तिनं बाटलीतलं पाणी शिंपडलं, पदरानं पुसलं,
पोचपावती ब्लाउजात सरकवली.
मी किक मारायच्या आधीच
तिनं कमरेला धरलं होतं.