चौतिसावी खेप

कंधारच्या वरच्या अंगाला, घुगेवाडीचं तळं
मे महिन्यात कोरडं पडतं,
तेव्हा मला काम मिळतं : खेपा मोजायच्या.
बाभळीखाली खुर्ची, मांडीवर वही,
ट्रॅक्टर भरून गेला की एक उभी रेघ,
पाचवी आडवी.

चौतिसाव्या खेपेला खाजामियाँनं
जेसीबीचा दात हवेतच थांबवला.
ढेकळात एक ताटली अडकली होती,
हिरवट, मेणचट, वर कातडं ताणलेलं.
मला वाटलं कुणाची तरी फुटकी हलगी.

सटवाजी भोई बांधावरून उतरला.
'जित्तं हाय. हात लावू नका, चावतंय.'
मग स्वतःच लावला. पालथं केलं.
पोटाला मागच्या अंगानं दोन झापा,
पाय आत ओढले की मिटतात,
दुपारी दुकानाच्या फळ्या लागाव्यात तशा.
नाक नळीसारखं, डुकराच्या पिलाचं असतं तसं.

तो सांगत गेला, मी वहीच्या मागच्या पानावर लिहीत गेलो.
पुढच्या पानांचेच पैसे मिळतात.

गोगलगायी खातं, बेडकं, मेलेला मासा,
पाण्यातला झाडपाला बी.
पाणी आटलं की हातभर खाली जातं
आणि गप होतं.
खाणं नाही, हिंडणं नाही,
ओल्या चिखलात म्हणे कातडीनंच श्वास घेतं.
अंडी गोट्यांसारखी, गोल, टणक,
बांधाच्या मातीत पुरतं,
पिलू निघायला आठ-नऊ महिने.
'म्हंजे आपल्यावानीच की,'
पाण्याची घागर घेऊन आलेली केवळाबाई म्हणाली,
'पण तवर त्याची माय कुठं असती?'
ते सटवाजीला माहीत नव्हतं.

कासव घमेल्यात ठेवलं, वर ओलं पोतं.

दिवस कलल्यावर वही मिटताना
आधीच्या तेहतीस रेघा दिसल्या.
त्यांच्यातून किती जण
झोपेतच गेले असतील?

बॅटरी घेऊन केंद्र्यांच्या रानात गेलो. घमेलंही नेलं.
गाळाचे ढीग अजून पसरले नव्हते.
एका ढिगातून माग निघाला होता,
दोन्हीकडं नखांचे टोचे,
मधे पोट घासल्याची सपाट पट्टी.
तळ्याकडं गेला नव्हता. विहिरीकडंही नाही.
बैलांच्या हौदाचं पाणी सांडतं
त्या चिंचेच्या बुडाशी
माती नुकतीच हललेली होती.

उकरलं नाही.
घमेल्यातलं तिथंच शेजारी सोडलं.
बराच वेळ ते फळ्या लावून बसलं.
मला डास चावत होते.
मग पुढच्या पायांनी माती बाजूला सारत
तिरकं आत शिरू लागलं,
शेवटी नुसतं नाक राहिलं.
बॅटरी हलली तेवढ्यात तेही गेलं.

सकाळी मुकादम आला.
'चौतिसावी खेप कुणाच्या रानात?'
'निघालीच नाही,' म्हणालो.
त्यानं रेघ खोडली.

खाजामियाँनं मशीन चालू केली.
आज मात्र तो दात हळू टेकवत होता,
दाढ काढणाऱ्या डॉक्टरसारखा,
आणि दर घासाला
वाकून खाली बघत होता.