तेवीस मिलिसेकंद

एसी बंद केला की सोहारची ही खोली
पाच मिनिटांत भट्टी होते.
म्हणून घाई. कपाटातल्या गोधड्यांना पाठ लावून
माइक उभा, आणि मी बनियनवर, तबल्यापाशी.

थाप मारतो आत्ता,
हेडफोनात येते मग,
जसा पलीकडे बसून कुणी
माझीच नक्कल करतोय.

बफर पाचशे बारा. दोनशे छप्पन्न.
एकशे अठ्ठावीसवर आवाज तडतडला,
तापल्या तेलात मोहरी पडावी तसा.
ब्राउझर बंद. वायफाय बंद.
ब्लूटूथचे हेडफोन तर परकारने केव्हाच काढून नेले:
"ह्यातून ऐकलंस तर ईद उलटेल."

दिवसभर रिफायनरीत मी हेच करतो,
व्हॉल्व्हला हुकूम आणि व्हॉल्व्हचं हलणं
यातली फट मोजतो.
तिथे फट चालते. फॉर्मवर तिला रकाना आहे.

शेवटी मेट्रोनोमची टिकटिक
हेडफोनातून माइकला ऐकवली,
दोन शिखरांमधलं अंतर मोजलं: तेवीस.
आकडा भरला.
सगळे ठोके मुकाट्याने मागे सरकले.

पुन्हा त्रिताल.
घाम कोपरावरून डग्ग्यावर.
पडदा मोठा करून पाहिलं:
धा जागेवर, धिं जागेवर,
खालीनंतरचा तिं मात्र
रेषेच्या उजवीकडे, दरवेळी, केसभर उशिरा.

कॉम्प्युटरकडे काही उरलं नव्हतं आता.

वाळिंबेबुवा म्हणायचे, खालीला बिचकतोस.
तेव्हा मी शाईला दोष द्यायचो.

एसी लावला. हात पुसले.
रेकॉर्डिंग बंदच ठेवलं.
तिं.
तिं.