मधला पट्टा

झ्देन्काने गाडी स्टँडवर लावली, म्हणाली,
"पाऊस असला की मागचं चाक घसरतं. बघ जरा."
मी आधी बघत नाही. हात फिरवतो.
मधे सपाट, चौकटीच्या उंबऱ्यासारखं,
आणि दोन्ही कडांना अजून
साच्यातले रबरी केस,
तान्ह्याचं जावळ काढायचं राहून जावं तसे.

"नाकासमोर चालवतेस," मी म्हणालो.
"रोज नोवा गोरिका, रोज परत.
दवाखाना, रात्रपाळी. आणखी कुठे जाऊ?"

तोल्मीनच्या माणसाने हे विचारू नये.
वर व्रशिचच्या खिंडीत पन्नास वळणं,
प्रत्येकाला नंबर, प्रत्येकाची उंची पाटीवर,
पलीकडच्या उताराला वळणावळणावर फरशी,
ओली झाली की साबण.
बारा वर्षांपूर्वी हिचेच टायर मी उतरवले होते,
तेव्हा कडा खाल्लेल्या, आणि मधे भरपूर शिल्लक.
बोललो नाही काही.
सरळ माणसाचं कौतुक सगळे करतात;
टायरला तेवढा सरळपणा सोसत नाही.

लोक विचारतात, चांगला टायर कोणता.
मी उलट विचारतो: पावसात जाता?
मागे कोणी बसतं? वर्षाला किती किलोमीटर?
इथे खोटं बोलतात सगळे.
बोव्हेत्सचा येर्नेय हट्टाने शर्यतीचा मऊ टायर घेऊन गेला.
तापल्याशिवाय धरत नाही तो,
आणि बेकरीपर्यंत जाईतो काय तापणार?

झ्देन्कासाठी मी काढला तो
मधे कडक, कडेला मऊ,
पाण्याला वाट देणाऱ्या चिरांचा.
"कडेचं मऊ रबर मला कशाला?"
"त्याच किमतीत येतं ते."

मग कामाला लागलो.
फिरायच्या दिशेने बाण, पिवळा ठिपका व्हॉल्व्हपाशी,
कडेला साबणाचं पाणी, पट्ट्या, गुडघा.
(एकदा, फार पूर्वी, बाण उलटा बसवला होता मी.
गिऱ्हाईक शहाणं. बोललं नाही,
परतही आलं नाही.)
हवा भरताना दोनदा फटाका होतो, ठप्प, ठप्प.
दुसरा होईपर्यंत मी श्वास घेत नाही,
इतक्या वर्षांनीही.

तेवढ्यात ती मागच्या कोपऱ्यात गेली होती.
ताडपत्री उचलून, पेशंटपाशी बसावं तशी
माझ्या गाडीपाशी उकिडवी बसली.
"खाचा तर नव्यासारख्या आहेत."
"हं."
बाजूवरचे चार आकडे, आधी आठवडा, मग साल;
वाचायला मीच शिकवलं होतं तिला.
"तेवीस, अकरा," ती म्हणाली.
"दोन हजार अकराचा जून."
नखाने दाबून पाहिलं. नख उमटलं नाही.
खाचांच्या तळाशी केसाएवढ्या भेगा.
"वोय्को, हा झिजला नाहीये.
हा नुसता म्हातारा झालाय."

कंप्रेसर आपोआप सुरू झाला, आपोआप थांबला.

"कोणता टाकू तुला?" तिने माझी वही ओढली.
"पावसात जातोस? मागे कोणी बसतं?
वर्षाला किती?"
मी म्हणालो, पाच हजार.
तिने माझ्याकडे पाहिलं
आणि लिहिलं, पाचशे.
मग पुढे एक प्रश्नचिन्ह काढलं. दवाखान्यात काढतात तसंच असावं.

मी तिला पुढे-मागे हवेचे आकडे सांगितले,
साखळीचा ताण दाखवला, जुना टायर ढिगावर टाकला.
"पहिले शंभर किलोमीटर जपून.
नवं रबर गुळगुळीत असतं,
रस्त्याने खरवडल्याशिवाय धरत नाही."
"माहीत आहे," ती म्हणाली. "दर वेळी सांगतोस."

पुलापाशी ती दक्षिणेला वळली.
रात्रपाळी होती.
वळताना थोडी झुकली का,
एवढ्या लांबून मला नीट दिसलं नाही.

ताडपत्री मी परत घातली नाही.
म्हणजे, अजून घातलेली नाही.