दोन मोजेपर्यंत

दोना पावलाच्या टेकाडावर
प्रयोगशाळेच्या तळघरात माझी खोली.
खिडकी नाही. एसी अठरावर.
बाहेर मे महिना माणसं उकडतो
आणि मी स्वेटर घालून
दिव्यांची उघडझाप बघत बसतो.
हिरवा म्हणजे ठीक.
हिरव्याबद्दल मला कधी कुणाचा फोन आला नाही.

खाऱ्या वाऱ्याचं तांब्याशी जुनं वैर.
गच्चीवरच्या जोडांना शेवाळी गंज धरतो,
तो मी जुन्या टूथब्रशनं घासतो.
एकदा घुशीनं केबल कुरतडली,
तेव्हा डॉक्टर भोबे स्वतः खाली आले,
इकडेतिकडे बघून म्हणाले,
'तुम्ही इथे बसता होय?'

आमचं जहाज सध्या फार दक्षिणेला आहे.
रोज सकाळी मी त्याला एक पिंग टाकतो,
विहिरीत खडा टाकून
पाणी कुठवर आहे ते ऐकावं तसा.
सहाशे बारा मिलिसेकंद.
आहे. तरंगतंय.

त्याच वाटेनं येतात
क्षारता, तापमान,
हजार मीटर खालच्या काळोखाचे आकडे,
आणि रविवारी पाचला
खलाशांसाठी राखलेली बारा मिनिटं.

कायतान, जहाजाचा आचारी.
चिंचिणीला त्याची आई, एस्पेरांसा.
लाइन तपासायला पहिलं अर्धं मिनिट
मला ऐकावं लागतं.
पुढचं ऐकत नाही. बहुतेक.

सुरुवातीला दोघं एकमेकांवर आपटायची,
अरुंद साकवावर समोरासमोर आल्यासारखी,
आधी तू, आधी तू,
मग दोन्हीकडे नुसती खरखर.
शेवटी मी मध्ये पडलो.
म्हटलं, माय, बोलून झालं की दोन मोजा.
तुमचा शब्द आभाळात चढून उतरतो,
त्याला वेळ लागतो.
ती म्हणाली, मागण्यासारखा? देवाकडल्या?
म्हटलं, त्याहून लवकर.

'जेवलो रे पुता?'
एक.
दोन.
'जेवलों, माय.'
सत्तेचाळीस माणसांना वाढणाऱ्याला
दर रविवारी हाच प्रश्न.

जहाज मुरगावला लागलं
आणि चौथ्या दिवशी ती आली,
जिन्याचा कठडा धरून, एकेक पायरी,
हातात केळीच्या पानातला दोदोल.
कायतान मागून हसत होता:
आता ही सगळ्यांशीच असं बोलते.
पदेराला विचारते, थांबते.
पाद्रीला विचारते, थांबते.
गावाला वाटतं, म्हातारीला ऐकू कमी येतं.

मी खुर्ची पुढे केली.
ती बसली. भिंतींकडे बघितलं.
'हांगा जनेल ना?'
आणि थांबली.

मी लगेच 'नाही' म्हणणार होतो.
थांबलो.
पंखे घुमत होते.
कायतान दोदोलचं पान सोडत होता,
ते सुटत नव्हतं.

इतक्यात वरच्या रांगेतला एक दिवा लाल झाला,
टेबलावरचा फोन वाजायला लागला,
दुसरा मजला.
मी तिच्याकडे बघितलं.

'घे, घे तू,' ती म्हणाली,
'हांव मोजतां.'