निवळ

लग्नसराईच्या ऐन मध्यावर
माझ्या तोंडाचे दोन्ही कोपरे फाटले.
आधी जांभई देताना, मग हसताना,
शेवटी क्लॅरिनेटची पत्ती ओठांत धरताना.
पारोळ्याच्या वरातीत नवरदेव घोड्यावर
आणि माझा वरचा सा रक्ताळलेला.
'तोंडले काय व्हयनं रे?' धुडकूमास्तर म्हणाले
आणि हातात झांजा दिल्या.

उष्णता, म्हणाले सगळे.
तूप लावून मी आठ लग्नं झांजा वाजवल्या.

आरोग्य केंद्रातल्या पावरा सिस्टरनी जीभ बघितली,
जांभळट, गुळगुळीत.
'खाता काय?'
पहाटे चहा-टोस. जेवणावळीत वरणबट्टी,
तीही सगळे उठल्यावर उरली तर. नाहीतर पाव. पुन्हा चहा.
'दूध?'
चहातलं. स्टँडवरच्या टपरीचं,
काचेच्या बरणीत, दिवसभर उन्हात.
त्यांनी पेन खाली ठेवलं.
दुधात एक पिवळं असतं, म्हणाल्या, रायबोफ्लेविन.
विस्तवाला ते फारसं भीत नाही,
उजेडाला भितं.
एप्रिलचं आपलं ऊन
तुमच्या आधीच ते पिऊन टाकतं.

गोळ्या दिल्या.
दुसऱ्या दिवशी लघवी हळदीसारखी.
कावीळ झाली म्हणून धावत गेलो
तर त्या खुर्चीतच हसायला लागल्या.
'याची तिजोरी नसते शरीरात.
लागलं तेवढं घेतं, उरलं सोडतं.
रोज नव्यानं द्यावं लागतं.'

हे मात्र मला लगेच कळलं.
परवाच्या वरातीतला श्वास
आजच्या वरातीला कुठे पुरतो?

घरी मंगला दह्यावरचं पाणी मोरीत ओतत होती.
हिरवट पिवळं. सिस्टर म्हणाल्या तोच रंग.
इतकी वर्षं आम्ही ते फेकलं.
'थांब,' म्हणालो, आणि उभ्यानंच प्यायलो.
ती बघत राहिली,
बॅण्डवाल्याशी लग्न केल्याचं
पहिल्यांदाच आठवल्यासारखी.

मग कळण्याची भाकर, पालक, दही.
ठेचा लांब, नजरेच्याही.

कोपरे भरून आले तोवर तिथी संपल्या होत्या.
कुणाचीच वरात नसताना
ओसरीत बसून एक लांब सूर लावला.
शेजारचा निंबा ओरडला, दुपारची झोप आहे लोकांची.
वाजवत राहिलो.

आता सकाळी चुलीमागे
माझा पेला असतो.
त्यावर ताटली.
मंगला कुणाला कारण सांगत नाही,
फक्त पोरांना म्हणते,
उघडू नका, उजेड लागेल.