टाचेला चवडा

फॉर्मवर सतरा प्रश्न.
पहिला: गेल्या वर्षभरात आपण पडलात का?
भुजिंगा सातपुते म्हणाले, न्हाई.
त्यांच्या पाठीमागे शालन, त्यांची सून,
कपबशी खाली ठेवता ठेवता
दोन बोटं वर करते.

मी लिहिते: दोन.

आम्हाला तीन दिवस शिकवलं होतं,
सभागृहात, सपाट फरशीवर.
निबंधातली म्हातारी माणसं दुसऱ्या देशातली.
नववा मुद्दा: घरातले गालिचे काढावेत.
सुभाषनगरात मी गालिचा शोधत बसले
आणि दारातल्या ओल्या गोणपाटाला अडखळले.
शालननं ते उचललं.
संध्याकाळी सासऱ्यांनी परत टाकलं,
पाय कशाला पुसायचे मग?

अकरावा मुद्दा: मोरीपाशी दांडी.
भिंत अर्ध्या विटेची, सामाईक.
ड्रिल लावलं तर पलीकडे कांबळ्यांच्या देवांवर माती.
दोन घरांची तीन दिवस बोलणी झाली.
शेवटी दांडी चौकटीला बसली,
निबंधात दाखवली त्याच्या उलट बाजूला.
चालतंय. हात आपोआप तिथंच जातो.

खुर्ची घरात एकच,
तिच्यावर कापलेले तळ, तळांवर मिक्सर.
पाचदा उठा, पाचदा बसा, हात न टेकता,
हे मी कुणाला सांगतेय?
साठ वर्षं जमिनीवर बसून
पायाच्या अंगठ्यात चामडं धरलेल्या माणसाला.
मिक्सर उतरवला. ते बसले, अवघडून,
पाहुण्याच्या घरी बसल्यासारखे.
तिसऱ्यांदा उठताना मांडी थरथरली
आणि आम्ही दोघांनी दाराबाहेर बघितलं.

पायताणावर मात्र भांडण झालं.
मी म्हटलं, तळ गुळगुळीत आहे, ओल्यात घसरतो.
त्यांनी माझ्या सँडलकडे बघितलं, बराच वेळ.
त्यात पाय उकडतोय, पोरी.
आणि वाजतंय का ते?
कापशी करकरली पाहिजे.
न्हाईतर माणूस आला का गेला, कुणाला कळणार?

त्याचं उत्तर निबंधात नव्हतं.
ते शालनकडे होतं, तिनं नंतर दारात सांगितलं:
रात्री मी जागीच असते. करकर मोरीपर्यंत जाते.
थांबते. मग परत येते.
परत येईपर्यंत डोळा लागत नाही.

पुढच्या खेपेला मी तो विषय काढला नाही.
त्याच्या पुढच्या खेपेला
ओट्यावर एक जोड होता, उलटा ठेवलेला.
तळाला सायकलच्या टायरचा तुकडा,
बारीक टाक्यांनी शिवलेला, कडा रापीनं उतरवलेल्या.
हे शेजारच्या कांबळीणबाईसाठी, म्हणाले. ती पडती.
जोड नऊ नंबरचा होता.
कांबळीणबाईंचा पाय मी तपासलाय, पाचाचा.
मी काही बोलले नाही.
त्यांनी तो घालून दाखवला, बसतो का बघायला म्हणून.
चामडं वरून करकरलं,
खाली रबर गप्प.

आता शेवटचं, म्हटलं.
एका पायाची टाच, तिला दुसऱ्याचा चवडा लावून
दहा सेकंद उभं राहायचं.
ते हसले. तळाची जोडी आम्ही अशीच मापतो की.
चौकटीची दांडी हाताशी, पण हात लावला नाही.
शालनचा श्वास मला ऐकू येत होता.
गल्लीत कुणीतरी हातोडीनं टाच ठोकत होतं,
मी त्या ठोक्यांवर मोजलं.

सातव्याला हात दांडीवर गेला.

दहा लिव्हा, म्हणाले.
मी सात लिहिले.
त्यांनी वाकून आकडा बघितला, चष्मा नसताना,
मग मंगळवारी या, म्हणाले,
आणि मिक्सर उचलून
आपल्या हातानं शेल्फावर ठेवला.